वाचक विचारतात : प्लेटमध्ये वाढलं नेमकं कोण?

प्रश्न : प्रोस्टेट कॅन्सरच्या पीसी-३ पेशी आणि गाठीतून काढलेले फायब्रोब्लास्ट (आधार ऊतीतल्या, तंतू तयार करणाऱ्या पेशी) मी प्लेटच्या एकाच वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, वाढवले. एमटीटी चाचणीचं रीडिंग जवळजवळ दुप्पट आलं. फायब्रोब्लास्टनी कॅन्सर वाढवला, असं लिहू का?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : एवढ्यात नको. एमटीटीत जांभळा रंग येतो तो जिवंत पेशींच्या चयापचयामुळे. पेशी कोणाच्या, हे त्या रंगाला ठाऊक नसतं. एका वेलमध्ये दोघांना भरलंत, तर रीडिंग वाढणारच.

प्रोस्टेटची रचना फणसासारखी समजा. गरे म्हणजे ग्रंथी, त्यांच्यामधले तंतू म्हणजे आधार ऊती, अर्थात स्ट्रोमा. निरोगी स्ट्रोमात गुळगुळीत स्नायूपेशी भरपूर असतात; गाठीभोवती मायोफायब्रोब्लास्ट, म्हणजे स्नायूसारखे आकुंचन पावणारे फायब्रोब्लास्ट, वाढतात, कोलॅजन हे तंतुमय प्रथिन साचतं. या पेशींच्या प्रभावाचा ठोस पुरावा १९९९ मध्ये अमेरिकेत मिळाला. बीपीएच-१ या प्रोस्टेटच्या, एरवी गाठ न करणाऱ्या पेशी कॅन्सरमधल्या फायब्रोब्लास्टसोबत उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली रोवल्या, तेव्हा गाठी झाल्या. निरोगी प्रोस्टेटच्या फायब्रोब्लास्टसोबत तसं झालं नाही. तुमच्या प्रयोगात हीच दुसरी बाजू नाही. निरोगी फायब्रोब्लास्टशिवाय तुलना लंगडी राहते.

आता मांडणी बदला. २४ वेलची प्लेट घ्या, ०.४ मायक्रॉन छिद्रांचे इन्सर्ट (वेलमध्ये बसणाऱ्या, सच्छिद्र तळाच्या वाट्या) आणा. पीसी-३ खाली, फायब्रोब्लास्ट इन्सर्टमध्ये. एवढ्या छिद्रांतून स्राव उतरतात, पेशी नाहीत. (८ मायक्रॉनचे इन्सर्ट आक्रमणाच्या चाचणीचे, त्यांतून पेशी सरळ खाली येतात. खोक्यावरचा आकडा वाचूनच पाकीट फोडा.) इन्सर्टचे चार प्रकार ठेवा : रिकामे, पीसी-३ असलेले, निरोगी फायब्रोब्लास्टचे, गाठीतल्या फायब्रोब्लास्टचे. दुसरा प्रकार बहुतेक जण गाळतात; पण अन्नाला वाटेकरी वाढल्याचा परिणाम त्यातूनच कळतो. मीडियममधलं (पेशींच्या अन्नद्रवातलं) सीरम, म्हणजे रक्तातला द्रव भाग, १० टक्क्यांवरून १-२ टक्क्यांवर आणा, नाहीतर सीरममधलेच वाढघटक फायब्रोब्लास्टचा आवाज दाबून टाकतात. तीन-चार दिवसांनी इन्सर्ट काढून खालच्या पेशी ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) घालून मोजा.

दोघांना एकत्रच ठेवायचं असेल, तर पीसी-३ला आधी जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची खूण करा, किंवा शेवटी सायटोकेरॅटिन (कॅन्सर पेशींची ओळख) आणि व्हायमेंटिन (फायब्रोब्लास्टची ओळख) ही दोन्ही प्रथिनं रंगवा. एकट्या व्हायमेंटिनवर विसंबू नका. पीसी-३मध्येही ते सापडतं.

फायब्रोब्लास्ट शक्यतो पहिल्या पाच-सहा पॅसेजमध्येच (नव्या प्लेटमध्ये हलवण्याच्या फेऱ्यांत) वापरा. पुढे ते म्हातारे होतात आणि म्हाताऱ्या पेशींचे स्राव वेगळेच असतात. कडक प्लास्टिकवर निरोगी फायब्रोब्लास्टही हळूहळू मायोफायब्रोब्लास्टसारखे वागू लागतात, म्हणून दोन्ही गटांचा पॅसेज सारखा हवा. अँड्रोजेन या पुरुष हार्मोनबद्दल काही म्हणायचं असेल, तर पीसी-३ कामाच्या नाहीत. त्याला प्रतिसाद देणाऱ्या एलएनकॅप या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी घ्या, सीरम चारकोलने गाळलेलं (हार्मोन काढलेलं) आणि मीडियम फिनॉल रेड या रंगद्रव्याविना. एलएनकॅप तळाला घट्ट धरत नाहीत, धुताना पिपेट भिंतीला लावूनच सोडा.

आणि आपला पावसाळा! जून ते सप्टेंबर इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी धरते. दर आठवड्याला ट्रे ७० टक्के अल्कोहोलने पुसून निर्जंतुक पाणी भरा. बुरशी निदान दिसते. मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जिवाणू दिसत नाही आणि एमटीटीचे आकडे बिघडवतो. महिन्यातून एकदा पीसीआर (डीएनए शोधणारी चाचणी) करा.

प्रश्न : भावाच्या बायोप्सीत ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक, याचा अंक) दिलाय, या आधार पेशींचा उल्लेख नाही. वेगळी तपासणी मागावी का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : गरज नाही. उपचार ठरतात ते पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी), ग्लीसन, स्कॅन आणि आजाराचा टप्पा पाहून. स्ट्रोमाची वेगळी तपासणी नेहमीच्या उपचारात अजून आलेली नाही. त्यापेक्षा किती तुकड्यांत कॅन्सर सापडला, ते डॉक्टरांना विचारा.