पुसण्याआधी काकांचं सिम जिवंत करा

प्रश्न : आमचे हे गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी गेले. त्यांचा लॅपटॉप तेव्हापासून कपाटात पडून आहे. पासवर्ड त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता. धाकट्या दिरांची मुलगी अकरावीला गेली आहे, तिला तो द्यावा असं मनात आहे. मुलगा म्हणतो, पासवर्ड नसला तरी सगळं पुसून नव्यासारखा करता येतो, पाच मिनिटांचं काम आहे. खरं का हे? लॅपटॉप सहा वर्षांपूर्वी घेतलेला, विंडोज १० आहे. सोसायटीचे हिशेब त्यात होते, त्यांची प्रत सेक्रेटरींकडे आहे. बाकी आत काय आहे मला माहीत नाही.
– एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : काकू, मुलगा बरोबर सांगतोय. फक्त पाच मिनिटं नाहीत, दोन तास धरा. पण तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याशी मी थबकलो. आत काय आहे ते माहीत नाही म्हणता, मग आधी तेच बघू.

लॅमिंग्टन रोडला दुकान थाटून मला बावीस वर्षं झाली. पाट्यांवर तो डॉ. भडकमकर मार्ग असला तरी ग्रँट रोडला उतरून त्या नावाने विचारलंत, तर लोक तुमच्याकडेच बघत राहतील. सुरुवातीच्या काळात एक गृहस्थ वडिलांचा लॅपटॉप घेऊन आले. ‘वडील गेले, पासवर्ड माहीत नाही, उडवून टाका.’ मी उडवला. चौथ्या दिवशी त्यांची बहीण दुकानात. वडील रोज पहाटे हरिपाठ म्हणायचे, त्याचं रेकॉर्डिंग त्यात होतं. मी खूप खटपट केली. तीन फाइली हाती लागल्या, त्यातल्या दोन वाजल्याच नाहीत. त्या बाई एका शब्दानेही बोलल्या नाहीत. दोष माझा होता, मी विचारायला हवं होतं. तेव्हापासून गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी मी आधी आतला माल बाहेर काढतो आणि मगच पुसतो.

तर काकू, पहिलं काम लॅपटॉपचं नाहीच. काकांचा मोबाइल शोधा. त्यातलं सिम चालू आहे का बघा, नसेल तर आजच रिचार्ज मारा. प्रीपेड नंबर तीन महिने अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्याच कुणाला देऊ शकते. विंडोज १० वर बहुतेकांचं लॉगिन मायक्रोसॉफ्टच्या खात्याने असतं. त्याचा पासवर्ड बदलायचा तर कोड येतो तो याच नंबरावर, नाहीतर काकांच्या दुसऱ्या ईमेलवर, आणि तो ईमेल बहुधा याच फोनमध्ये उघडा असेल. लॅपटॉप वायफायला जोडा, पासवर्डच्या चौकटीखाली ‘पासवर्ड विसरलो’ या अर्थाची इंग्रजी ओळ असेल ती दाबा आणि कोड मागवा. माझ्याकडे येणाऱ्या अशा बऱ्याच लॅपटॉपांचं काम इथेच संपतं. पुसावं लागतच नाही. खातं मायक्रोसॉफ्टचं नसून साधं असेल, तर चुकीचा पासवर्ड टाकल्यावर ‘रिसेट पासवर्ड’ अशी ओळ येते आणि तीन प्रश्न विचारले जातात. पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्मगाव वगैरे. ही उत्तरं तुमच्याइतकी कुणाला ठाऊक असणार?

डायरीत एखादा पासवर्ड लिहिलेला सापडला आणि तो चालेना, तर लगेच नाद सोडू नका. चौकटीच्या उजव्या टोकाला डोळ्याचं चित्र असतं. ते दाबून धरलं की आपण काय टाइप केलंय ते दिसतं. कधी नम लॉक बंद असल्याने आकडेच उमटत नसतात, कधी कॅप्स लॉक चालू राहिलेलं असतं. सोसायटीच्या नोटिसा मराठीत टाइप करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर कीबोर्डच मराठीवर राहिलेला असतो, तो खाली उजव्या कोपऱ्यातून इंग्रजीवर आणा. आणि लॅपटॉप चार आकड्यांचा पिन मागत असेल, तर काही चुकांनंतर तो ‘ए१बी२सी३’ टाइप करायला सांगेल. व्हायरस आला म्हणून घाबरून लोक लॅपटॉप माझ्याकडे घेऊन येतात. ते फक्त कीबोर्ड नीट चालतोय ना हे बघण्यासाठी असतं. टाइप करा आणि पुढे जा.

एवढं करूनही दार उघडलं नाही, तर जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे जा आणि ‘डिस्क काढून डेटा कॉपी करून द्या’ एवढंच सांगा. पुसायचं नावही काढू नका. डिस्क यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की ती पेनड्राइव्हसारखी दिसते. काकांच्या नावाचा फोल्डर उघडताना परवानगी नसल्याची सूचना येते, तिथे ‘कंटिन्यू’ दाबायचं. विंडोजचा पासवर्ड हा दाराचा कडी-कोयंडा आहे, आतल्या कपाटाला कुलूप नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर मात्र कपाटालाही कुलूप असतं. मग ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते, म्हणजे फिरून पुन्हा काकांच्या सिमपाशीच. कॉपी होत असताना समोर बसून राहा, फोटो परक्याच्या मशिनमध्ये राहू देऊ नका.

फोटो, कागदपत्रं हाती आली की मग पुसा. चार्जर लावून ठेवा, मधेच बॅटरी संपली तर सगळंच अर्धवट राहतं. पासवर्ड मागणाऱ्या पडद्यावर खाली उजवीकडे पॉवरचं चिन्ह आहे. डाव्या हाताने शिफ्ट दाबून धरा आणि त्या चिन्हातलं ‘रीस्टार्ट’ निवडा. निळा पडदा येईपर्यंत शिफ्ट सोडू नका. त्यात ‘ट्रबलशूट’, मग ‘रिसेट धिस पीसी’. इथे ‘कीप माय फाइल्स’ वाचून हरखून जाऊ नका. तो पर्याय काकांचा पासवर्ड मागतो. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ घ्या. पुढे ‘क्लाउड डाउनलोड’ की ‘लोकल रीइन्स्टॉल’ असं विचारलं तर लोकल. क्लाउडला ४ जीबी किंवा जास्तच डेटा लागतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसभर बसाल. शेवटचा प्रश्न फक्त फाइली काढायच्या की डिस्कही साफ करायची. पुतणीलाच देताय, तेव्हा पहिला पुरे. अनोळखी माणसाला विकणार असाल तर दुसरा. त्याला कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा.

विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागत नाही. त्याचं लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, इंटरनेट मिळालं की आपोआप लागू होतं. मात्र विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, तेव्हा विंडोज ११ चढतं का ते पुतणीला अपडेटच्या पानावर बघू दे. आणि तिने नवा पासवर्ड ठेवला की तो कागदावर लिहून आईकडे द्यायला सांगा. त्यासाठी माझ्याकडे यायला लागू नये.

प्रश्न : जुना लॅपटॉप स्वस्तात घेतला. विकणाऱ्याने फॅक्टरी रिसेट करून दिला. घरी वायफाय जोडल्याबरोबर कुठल्या तरी कंपनीचं नाव येतं आणि तिथला ईमेल, पासवर्ड मागतो. मी तीनदा रिसेट केला, तरी तेच. काय करू?
– एक विद्यार्थी, कुर्ला

उत्तर : चौथ्यांदा करू नकोस. हा लॅपटॉप एखाद्या ऑफिसचा आहे आणि त्याची नोंद डिस्कवर नाही, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहे. डिस्क बदललीस तरी इंटरनेट मिळताच तेच नाव येणार. ती नोंद फक्त ती कंपनीच काढू शकते. वायफाय न जोडता पुढे जायच्या युक्त्या तुला मित्र सांगतील, पण तो लॅपटॉप लिलावातून रीतसर आला की कुणाच्या बॅगेतून, हे तुला ठाऊक नाही. बिल घेऊन विकणाऱ्याकडे जा आणि पैसे परत माग. बिल दिलं नसेल तर यूपीआयची नोंद दाखव. पुढच्या वेळी पैसे मोजण्याआधी दुकानातच आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून डेस्कटॉप येईपर्यंत उभा राहा. दुकानदार कुरकुरला तर शेजारचं दुकान चार पावलांवर आहे.