स्नोड्रॉप, मावशीची शेवंती आणि रस्त्यावरचा दिवा

प्रश्न : बाई, नमस्कार. लेकीच्या बाळंतपणासाठी मागच्या हिवाळ्यात इंग्लंडला होते. बाहेर कडाक्याची थंडी, झाडांवर एक पान नाही, आणि चर्चच्या आवारात गवतातून हजारो पांढरी फुलं मान खाली घालून उभी. नाव विचारलं तर स्नोड्रॉप. जावई म्हणाले, इथले शौकीन लोक याचे शेकडो प्रकार जमवतात. मला तर सगळी सारखीच दिसली. आता लेक म्हणते, ‘आई, कांदे पाठवते, घरी लाव.’ उदगीरच्या हवेत येतील का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : ताई, नाही येणार. हे मी ऐकीव सांगत नाही. चार वर्षांपूर्वी अंबाजोगाईत स्वतः लावून बघितलंय.

ऑनलाइन एका विक्रेत्याकडून दहा कांदे मागवले होते. पाकीट फोडलं तर सहा वाळलेल्या लसणासारखे पोकळ. दाबले की नुसतं साल हातात. उरलेले चार ओलसर कोकोपीटमध्ये घालून ऑक्टोबरच्या मध्यापासून दहा आठवडे फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले. येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या सुमाराला बाहेर काढून उत्तरेकडच्या ओसरीत कुंडीत लावले. दोघांना पानं फुटली, राखाडी हिरवी, चार बोटं लांब. एकाच्या पानांतून दांडी वर आली आणि टोकाला पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली कळी. रोज सकाळी चहा घेऊन मी तिच्यापाशीच बसायची. संक्रांत झाली, दुपारचा पारा तिशीला टेकला, आणि कळी पापुद्र्याच्या आतच तपकिरी पडली. नखानं पापुद्रा सोडवून पाहिलं. आत तीन लहान पाकळ्या घडी घातल्यासारख्या मिटलेल्या, आणि प्रत्येकीच्या टोकाशी उलट्या बदामाच्या आकाराचा हिरवा ठिपका. स्नोड्रॉप मी पाहिलं ते एवढंच. एप्रिलमध्ये कुंडी उकरली तेव्हा कांदे सडले होते.

या झाडाचं सगळं चक्र थंडीवर चालतं. मुळं धरायला आणि फूल वर यायला त्याला कित्येक आठवडे गार जमीन लागते. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं वाळतात आणि कांदा जमिनीत झोपी जातो, पण त्या झोपेतही भोवतीची माती गार आणि किंचित ओली हवी. उघड्यावर ठेवला की तो सुकतो. माझे सहा कांदे तसेच गेले असणार. म्हणून तिकडचे जाणकार माळी फुलं गेल्यावर, पानं हिरवी असतानाच गड्डे उकरून त्यांची वाटणी करतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ वर जातो आणि काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथं त्याला झोप कुठून लागणार?

जावई सांगतात ते मात्र अगदी खरं आहे. शास्त्रीय नाव गॅलँथस, म्हणजे ग्रीकमध्ये दूधफूल. रानातल्या मूळ जाती सुमारे वीस, युरोपपासून तुर्कस्तान, कॉकेशस, इराणपर्यंत पसरलेल्या. त्यांच्यातून निवडून नावं दिलेले प्रकार हजाराच्या पुढे. तुम्हांला सगळी सारखी दिसली, कारण फूल खाली बघतं. हनुवटी धरून लेकराचं तोंड वर करावं तसं एक फूल बोटानं वर करून पाहायला हवं होतं. बाहेरच्या तीन लांब पाकळ्या, आतल्या तीन आखूड, आणि सगळा फरक त्या आतल्यांवरच्या हिरव्या खुणेत. कुणाची खूण एक, कुणाच्या दोन, कुणाची हिरवीऐवजी पिवळी. ‘फ्लोर प्लेनो’ दुहेरी पाकळ्यांचा, ‘एस. आर्नॉट’ला मधासारखा वास. हेन्री जॉन एल्विस नावाच्या इंग्रज वनस्पतीवेड्या माणसाला १८७४ मध्ये तुर्कस्तानात इझमिरजवळ रुंद पानांचं, मोठ्या फुलाचं स्नोड्रॉप सापडलं. आज ती जात त्याच्याच नावानं ओळखतात, आणि ग्लॉस्टरशरमधल्या त्याच्या कोल्सबर्नच्या बागेत लोक अजून हिवाळ्यात ही फुलं बघायला जातात. २०२२ साली ‘गोल्डन टिअर्स’ या पिवळ्या प्रकाराचा एक कांदा १,८५० पौंडांना विकला गेला, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या वर.

अशी मागणी असली की कुणीतरी डोंगरातून कांदे उकरणारच. तुर्कस्तानातून पूर्वी रानातलेच कांदे ढिगांनी बाहेर जात. म्हणून आता स्नोड्रॉपच्या सगळ्या जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. शिवाय परदेशातून कांदे आणायला आपल्याकडे आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला हवा. तेव्हा लेकीला सांगा, बॅगेत घालून पाठवू नकोस. माझे दहा कांदे कुठून आले, त्यांची कागदपत्रं होती का, हे मी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं. आणि हा कांदा विषारी असतो. घरात रांगतं मूल येणार आहे, हेही लक्षात असू द्या.

पण ताई, जमवायची आवड लागलीच असेल तर आपल्या हिवाळ्यात शेवंती आहे. तिचं चक्र आपल्या हवेशी जुळतं, आणि प्रकार ओळखायला स्नोड्रॉपइतकीच बारीक नजर लागते. माझ्याकडे आज चौदा प्रकार आहेत. झिपरी, राजा, पांढरी रेवडी ही नावं बाजारात मिळतील. पण निम्म्यांना नावच नाही, ती मी ज्या घरातून आणली त्या घराच्या नावानं ओळखते. एक औशाच्या वाड्यातली, जुन्या गेरूच्या रंगाची. एक परळीच्या गुरवांकडची, पांढरी, पण मावळतीला पाकळीच्या पाठीवर जांभळी झाक येते.

आणि एक मावशीची. किल्लारीच्या जवळच तिचं गाव. अंगणात तुळशीशेजारी बटणाएवढ्या फुलांची शेवंती होती, हळदीच्या रंगाची, मधोमध हिरवट. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला. वाडा बसला, अंगण दगडमातीखाली गेलं, त्या शेवंतीला अजून कळीही धरली नव्हती. मावशी वाचली. पुनर्वसनाच्या गावात घर मिळालं तेव्हा दारासमोर नुसता मुरूम होता. माझ्या आईनं लातूरहून तिच्याच शेवंतीची काशी, म्हणजे बुडातून फुटलेलं मुळासकट रोप, नेऊन दिली, कारण मावशीनं भूकंपाच्या चार वर्षं आधी माझ्या आईला, नणंदेला आणि शाळेच्या बाईंना एकेक काशी दिली होती. आज माझ्या कुंडीत आहे ती तिचीच. स्नोड्रॉपवाले लोकही असंच करतात, दुर्मीळ कांदा वाढला की पहिली वाटणी मित्राच्या बागेत.

आता रीत सांगते. फुलं संपली की जानेवारीअखेर झाड वीतभर ठेवून छाटा. बुडातून काश्या फुटतील, त्या मुळांसकट सोडवून लहान कुंड्यांत लावा. उन्हाळा लिंबाच्या किंवा शेवग्याच्या सावलीत काढा. पाणी बेताचं, कारण काळ्या मातीत साचलं की मूळ कुजतं. कुंडीत एक भाग माती, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग रेती. पावसाळ्यात दोनदा शेंडे खुडा. आणि चिठ्ठी लावा: कुणाकडून आणली, कोणत्या साली. शाईनं लिहिलेलं उन्हात उडतं, पेन्सिलनं लिहिलेलं टिकतं.

प्रश्न : ‘स्नोड्रॉप’ म्हणून घेतलेल्या कांद्यांना जूनमध्ये पांढरी फुलं आली. मग आपल्याकडे येत नाही असं का म्हणतात?
– एक वाचक, परभणी

उत्तर : तुम्हांला पावसाळी लिली मिळाली आहे. फूल वर तोंड करून उघडतं ना? सहाही पाकळ्या सारख्याच लांब? मग शंका नको. पैसे जास्त घेतले असतील, पण झाड चांगलं आहे. स्नोड्रॉपच्याच कुळातलं आहे आणि नागदवणाही त्याच कुळातला. पावसाची चांगली सर पडून गेली की थोड्याच दिवसांत पुन्हा फुलेल.

प्रश्न : बाई, माझी शेवंती चांगली कंबरेएवढी झाली, पण डिसेंबर लागला तरी कळी नाही. खत कमी पडतंय का? घरासमोर यंदा नवा पांढरा दिवा बसलाय, पण त्याचा काही संबंध नसावा.
– एक वाचक, कळंब

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्यच उत्तर आहे. खत थांबवा, आणखी दिलंत तर नुसता पाला वाढेल.

शेवंती रात्र मोजते. दिवस लहान होऊन रात्र सलग लांब झाली की तिला कळी धरायची वेळ कळते. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी तिची मोजणी मोडते. फुलशेतीवाले याचाच उपयोग करतात. फुलं लग्नसराईला हवी असली तर शेतात रात्री दिवे लावून कळी लांबवतात. तुमच्याकडे ते काम रस्त्यावरचा दिवा रोज करतो आहे. खात्री करायची असेल तर झाडाची भिंतीआडची बाजू बघा. तिकडच्या फांद्यांना कळी दिसली तर दुसरं कारण शोधायला नको.

झाड कुंडीत असेल तर आजच परसात हलवा, जिथं दिव्याचा कवडसाही पोचत नाही. जमिनीत असेल तर चार काठ्या रोवा आणि संध्याकाळी सहाला काळं जाड कापड किंवा जुनं घोंगडं टाका, सकाळी आठला काढा. कापड पानांना टेकू देऊ नका, आत ओल धरून पानं काळी पडतात. महिनाभर एकही रात्र चुकवायची नाही. शेंड्याला मटकीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसायला लागल्या तरी त्यांना रंग दिसेपर्यंत झाकत राहा. आता सुरू केलंत तर फुलं फेब्रुवारीच्या मध्यापासून येतील. उशीर झाला असला तरी येतील. पुढच्या वर्षी मात्र गणपती उठले की कुंड्या परसात न्या.