‘रिट्राय’ म्हणजे नापास नव्हे

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी 12 वर्षांची असून फिगर स्केटिंगची ब्राँझ पातळीची चाचणी उत्तीर्ण झाली आहे. पुढे प्री-सिल्व्हरला मात्र आम्ही अडकलो आहोत, दोनदा नापास. गेल्या वर्षी सहज जमणारी डबल सालकाव (हवेत दोन गिरक्यांची) उडीही आता जमत नाही. 16व्या वर्षी गोल्ड ही सर्वांत वरची चाचणी आणि 2034चे सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिक, असा तक्ता मी तयार केला आहे. तिला शाळेतून काढून घरी शिकवावे का? भारताकडून खेळणे सोपे पडेल का?

उत्तर : आपल्या दोन पानी पत्रातील ऑलिंपिकच्या स्वप्नाने मी अस्वस्थ झालो नाही. रोज रात्री जेवणानंतर आपण तिला सरावाचे चित्रीकरण दाखवून चुका मोजता आणि हल्ली ती ताटावरून लवकर उठत नाही, हे आपण तिच्या आळसाचा पुरावा म्हणून ओघात लिहिले आहे. तेथे मी थांबलो. मला त्यात आळस दिसत नाही, जेवण संपूच नये असे वाटणारी मुलगी दिसते. तिला स्वतःला काय हवे आहे, याविषयी पत्रात एकही ओळ नाही. ‘आम्ही अडकलो’ असे आपण लिहिता, पण बर्फावर पडते ती एकटी.

अमेरिकेतील या चाचण्यांत यश न मिळाल्यास निकालपत्रावर ‘रिट्राय’ असे लिहितात. त्याचे ‘नापास’ हे भाषांतर आपल्या घरात झाले आहे.

उडी हरवण्याचे कारणही बहुधा शरीरातच आहे. या वयात उंची झपाट्याने वाढते, हातपाय लांबतात आणि हवेत गिरकी घेताना ते अंगाशी ओढून घेण्याची जी वेळ शरीराला अनेक वर्षांच्या सरावाने पाठ झालेली असते, ती चुकू लागते. ती पुन्हा बसवावी लागते, आणि त्यासाठी वाढत्या हाडांवर उड्यांचा मारा वाढवणे धोक्याचे आहे. किती उड्या घ्यायच्या, हे तिच्या प्रशिक्षकांना ठरवू द्या.

आपला मुख्य गैरसमज असा की, या पातळ्या शाळेच्या इयत्तांसारख्या असून शेवटच्या इयत्तेपुढे ऑलिंपिकचे दार आहे. चाचणीत खेळाडूला ठरलेल्या मापाशी ताडून पाहतात, तर स्पर्धेत इतरांशी. गोल्डची चाचणी तिहेरी, म्हणजे हवेत तीन गिरक्यांच्या उडीशिवायही उत्तीर्ण होता येते. ऑलिंपिकमध्ये मात्र महिलांच्या एकेरीत एका देशाला जास्तीत जास्त 3 जागा मिळतात आणि तेथे तिहेरी उड्यांवाचून निभाव लागत नाही. म्हणून गोल्ड कमी मोलाचे ठरत नाही. ते आयुष्यभर टिकते, कोणत्याही वयात मिळवता येते आणि पुढे महाविद्यालयीन संघात खेळताना किंवा प्रशिक्षक होताना उपयोगी पडते. आपल्या तक्त्यात मात्र त्याला केवळ एका पायरीची किंमत आहे.

शाळा सोडवू नका. भारताकडून ऑलिंपिक खेळण्यासाठी भारतीय नागरिकत्व लागते आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तेव्हा ती पळवाट नव्हे.

अमेरिकेची फिगर स्केटर ॲलिसा लियू 2022मध्ये, 16व्या वर्षी निवृत्त झाली, दोन वर्षांनी स्वतःच्या इच्छेने परतली आणि 2025मध्ये बोस्टन येथे विश्वविजेती ठरली. हे उदाहरण मी बिचकतच देतो आहे, कारण आपण त्याचाही तक्ता कराल.

पुढचे तीन महिने चित्रीकरण बंद ठेवा. पुढच्या चाचणीची तारीख ती आणि तिचे प्रशिक्षक ठरवतील. चाचणी द्यायचीच नाही असे ठरले, तरी आपण प्रश्न विचारू नये. आणि पुढचे पत्र तिने मला लिहावे, आपण ते न वाचता. मराठीत लिहिणे जड जात असेल, तर इंग्रजीतही चालेल.