'सूक्ष्म' म्हटलं की जंतू आठवतात

देवगडचे एक शिक्षक मूत्रपिंडाच्या विकारांवरचा लेख मराठीत आणतायत. त्यांनी विचारलंय, पेशीतल्या 'मायक्रोआरएनए' या छोट्याशा रेणूला 'सूक्ष्म आरएनए' म्हणावं की 'लघु आरएनए'?

माझ्या मते दोन्ही नकोत. आखूड आरएनएंचं गोत मोठं आहे. साधारण 22 घटकांचा मायक्रोआरएनए ही त्यातली एक शाखा, म्हणून 'लघु' फार सैल पडतं. 'सूक्ष्म'ची अडचण वेगळीच. गुरुजी, तुमचा परिच्छेद मी शेजारच्या काकींना वाचून दाखवला. काकांचं डायलिसिस चालू आहे, त्यामुळे 'क्रिएटिनिन' त्यांच्या घरात मीठमिरचीसारखं बोललं जातं. पण 'सूक्ष्म आरएनए वाढतात' ऐकून त्या म्हणाल्या, "म्हंजे जंतूच मां ते?" त्यांचं काय चुकलं? 'सूक्ष्मजीव' आपण शाळेपासून घोकतो. हा रेणू तर आपल्याच पेशींत तयार होतो. मायक्रोआरएनएच ठेवा.

मराठीपणा दाखवायचा तो क्रियापदात. मायक्रोआरएनए 'जनुक बंद करतो' असं तुम्ही लिहिलंय. पण जनुकाची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, आधीच निघालेली असते. मायक्रोआरएनए तिला चिकटतो आणि तिच्यावरून प्रथिन बनणं कमी होतं किंवा थांबतं. इथे 'आवर घालतो' चपखल बसेल.

व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना 2024 चं नोबेल मायक्रोआरएनएच्या ज्या शोधासाठी मिळालं, तो 1993 मध्ये 'अळी'त लागला असंही तुम्ही म्हणता. अहो, देवगडात राहून? आंब्यात निघते ती अळी, तिची पुढे माशी होते. ही सूत्रकृमी, म्हणजे सुतासारखा बारीक कृमी.

'फायब्रोसिस'ला 'तंतुमयता' बरोबर आहे, पण शेजारी 'निबर होणं' लिहा. जून भेंडी सगळ्यांनी चिरलेली असते. मूत्रपिंड असं निबर होताना मायक्रोआरएनए-21 वाढलेला आढळतो. त्याला दाबणारं औषध अल्पोर्ट या आनुवंशिक विकारात वापरून पाहिलं, पण दुसऱ्या टप्प्यातली चाचणी फायदा दिसेना म्हणून थांबवली. तेव्हा मथळ्यात 'उपचार' नको, 'उपचाराचे प्रयत्न' लिहा. काकी मथळाच आधी वाचणार.

आणि 'वृक्क' कशाला? 'मूत्रपिंड' किंवा सरळ 'किडनी' चालेल. 'गुर्दा' मात्र मटणवाल्याकडेच राहू दे, जरी फारसी गुर्दा आणि संस्कृत वृक्क मुळात एकाच घरचे असले तरी.