वाचकांचे प्रश्न : व्हीलचेअर घेऊन समुद्रकाठच्या कॉटेजमध्ये राहायचे असेल तर

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांची डावी बाजू अधू झाली आहे. धरायला आधार असेल तर ते उजव्या पायावर क्षणभर उभे राहतात, एरवी व्हीलचेअरवरच असतात. डिसेंबरमध्ये आई, बाबा, आम्ही दोघे आणि दोन मुले असे सहा जण दिवेआगर किंवा दापोलीच्या बाजूला तीन दिवस समुद्रकाठच्या कॉटेजमध्ये राहावे, असा विचार आहे. नातवंडे अंगणात खेळत असताना बाबांना तिथेच बसता यावे, म्हणून हॉटेलची खोली नको आहे. चार-पाच ठिकाणी फोन केले. प्रत्येकाने ‘या हो, काही अडचण येणार नाही’ असेच सांगितले. नेमके काय विचारावे?
— एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : ‘व्हीलचेअर चालेल का?’ हा प्रश्न आपण विचारूच नये, असे मी अनुभवाने सांगते. माझी थोरली बहीण १९ वर्षांपासून व्हीलचेअर वापरते. तिला घेऊन आम्ही पहिल्यांदा कोकणात गेलो, तेव्हा मालकांनी फोनवर ‘सगळे तळमजल्यावरच आहे’ असे सांगितले होते, आणि ते खोटेही नव्हते. मात्र तळमजल्याला तीन पायऱ्या होत्या, न्हाणीघराचे दार उघडल्यावर जेमतेम २४ इंच जागा मोकळी राहत होती, आणि ताईची खुर्ची बाहेरून २६ इंच रुंद होती. पायऱ्यांवरून आम्ही तिला खुर्चीसकट उचलून नेले. त्या दाराला मात्र कुणाचाच इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या ताटाजवळचा पाण्याचा तांब्या सकाळपासून तसाच भरलेला दिसला, तेव्हा माझ्या लक्षात आले की वारंवार उचलून न्यावे लागू नये म्हणून तिने पाणी पिणेच सोडले होते. त्या दिवसापासून मी न्हाणीघरापासून चौकशी सुरू करते आणि समुद्र किती जवळ आहे हे सर्वांत शेवटी विचारते.

आधी बाबांच्या खुर्चीची रुंदी मोजा, आणि ती आसनाची नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या हातरिंगांच्या, म्हणजे चाक हाताने फिरवायच्या कड्यांच्या, बाहेरून मोजा. नेहमीची घडीची खुर्ची साधारण २५ ते २६ इंच भरते. मग मालकांना विनंती करा की न्हाणीघराचे दार पूर्ण उघडून, आडवी टेप धरून, आकडा वाचता येईल असा फोटो पाठवावा. चौकटीचे माप घेऊन भागत नाही, कारण उघडलेल्या दाराची जाडी आणि बिजागरी मिळून दीड-दोन इंच खातात. केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३५ इंच, सांगितली आहे. कोकणातल्या घरगुती कॉटेजमध्ये ती क्वचितच मिळते. पण समोरून सरळ आत जाता येत असेल तर ३० इंचांत निभावते. दार आत उघडते की बाहेर, हेही विचारा. आत उघडणाऱ्या दारामागे खुर्ची अडकली किंवा माणूस पडला, तर बाहेरून मदत पोचवणे फार कठीण होते.

यानंतरचा मुद्दा आपल्या बाबांपुरता विशेष महत्त्वाचा आहे. त्यांची उजवी बाजू धड आहे; म्हणून कमोडवर बसल्यावर भिंत आणि तिच्यावरची धरायची दांडी त्यांच्या उजव्या हाताला आली पाहिजे. दांडी डावीकडे असेल, तर ‘सोय आहे’ असे सांगणारा मालक खरे बोलत असूनही ती सोय बाबांच्या उपयोगाची नाही. खुर्चीतून पलंगावर किंवा कमोडवर जाताना धड बाजू पुढे ठेवावी, हे आपल्या फिजिओथेरपिस्टनी शिकवले असेलच. ध्यानात हे ठेवायचे की परत खुर्चीत येताना दिशा उलटते, त्यामुळे परतीच्या वेळी खुर्ची कमोडच्या समोरून त्यांच्या उजव्या अंगाला तिरकी आणून लावावी लागते आणि तेवढी जागा आत हवी. कमोडची आणि पलंगाची उंची खुर्चीच्या आसनाच्या जवळपास, म्हणजे १८ ते २० इंच असावी. कोकणातल्या घरगुती निवासांत पलंग बऱ्याचदा खूप बुटके असतात. मात्र एकावर एक दोन गाद्या टाकून ही अडचण सुटते, हे मालकांना आधीच सांगून ठेवा. घडीची कमोड-चेअर गाडीत टाकून न्यावी, असेही मी सुचवीन. बाकी सगळे फसले तरी तेवढ्यावर तीन दिवस निघतात.

पायऱ्यांची संख्या विचाराच, शिवाय एका पायरीची उंचीही विचारा. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच चढ, आणि १ : १२ (एक इंच चढाला बारा इंच लांबी) या मान्य प्रमाणाने त्याला १८ फूट लांब उतार लागतो. मालक पाच फुटांची फळी टाकून देतो म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा, कारण त्या चढावर दोन धडधाकट माणसांचाही हात सुटू शकतो. त्यापेक्षा जिथे एकच पायरी आहे, अशी जागा शोधलेली बरी, मग ती किनाऱ्यापासून थोडी आत असली तरी चालेल. सुपारीच्या वाडीतल्या कॉटेजमध्ये गाडी लावण्याच्या जागेपासून ओटीपर्यंतची वाट सुट्या वाळूची किंवा खडीची असते आणि मधून पाटाचे पाणी जाते. म्हणून त्या वाटेचाही चालत काढलेला व्हिडिओ मागवून घ्या.

आता समुद्राविषयी. खुर्ची कोरड्या वाळूत रुतते, कारण तिची पुढची लहान चाके नांगरासारखी आत जातात. ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली पुळण मात्र घट्ट असते, आणि दापोलीजवळच्या कर्दे-मुरुडसारख्या सपाट किनाऱ्यांवर तिच्यावरून खुर्ची चांगली चालते. त्यासाठी दिवस तिथी बघून ठरवावेत. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी भर दुपारी बाराला. ती वेळ बाबांच्या उपयोगाची नाही. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, आणि त्या दिवसांत उधाणामुळे पाणी अधिक आत हटून घट्ट वाळूचा पट्टाही रुंद मिळतो. चतुर्दशीपासून प्रतिपदेपर्यंतचे दिवस आपल्याला सोयीचे पडतील. जागेप्रमाणे वेळ अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते, तेव्हा गावातल्या मासेमारी करणाऱ्यांना विचारून घ्यावे. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती असल्याने काही गावांत गर्दी असते, तेवढे बघा.

वाडीपासून ओल्या वाळूपर्यंतचा कोरडा पट्टा ओलांडताना खुर्ची मागे कलती करून, पुढची चाके अधांतरी ठेवून, पाठमोरी ओढत न्यावी. हे काम दोन मोठ्या माणसांचे आहे. ते मुलांवर सोपवू नये. ओल्या वाळूवर लाटेच्या टप्प्यात खुर्ची थांबवून ठेवू नका, कारण परतणारे पाणी चाकांखालची वाळू काढून नेते आणि खुर्ची एका अंगाला कलते.

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमच्या वाडीत चार कॉटेज आहेत आणि मोकळ्या जागेत हंगामात तंबूही लावतो. गेल्या वर्षी व्हीलचेअरवरच्या एका मुलीच्या कुटुंबाला नकार द्यावा लागला, ते मनाला फार लागले. एक कॉटेज तरी नीट करून घ्यायचे आहे. खर्च बेताचाच झेपेल. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : आपण हे मनावर घेतलेत याचा मला मनापासून आनंद झाला. पैसे मोजके असतील तर ते सगळे एकाच कॉटेजच्या न्हाणीघरात घाला. चारही ठिकाणी थोडे थोडे करू नका. आतली भिंत हलवता आली तर खुर्ची जागच्या जागी फिरण्यासाठी पाच फूट व्यासाची मोकळी जागा काढावी. ते जमत नसेल तर दार काढून बाहेरच्या बाजूने सरकते दार बसवले, तरी बराच फरक पडतो. उंबरठा काढून टाका आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून जमिनीला आतल्या जाळीकडे हलका उतार द्या. फरशी खरबरीत घ्यावी. लांब नळीचा हातशॉवर आणि भिंतीला घट्ट बसवलेले आसन असेल, तर आंघोळीला बादली-तांब्याची कसरत उरत नाही.

आधाराच्या दांड्यांबद्दल मुद्दाम लिहिते. आपल्याकडच्या भिंतींचा जांभा दगड मऊ आणि सच्छिद्र असतो. त्यात नेहमीचे खिळे-स्क्रू मारून लावलेली दांडी माणसाचे पूर्ण वजन आले की उपटून येते. न दिलेल्या दांडीपेक्षा अशी दांडी अधिक धोकादायक आहे, कारण माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो. दांडीच्या जागचा चिरा काढून तिथे काँक्रीट भरून घ्या, किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडे लोखंडी पट्टी द्या. दांडी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची घ्यावी; खाऱ्या हवेत हलके स्टील लवकर गंजते. बसवल्यावर स्वतः दोन्ही हातांनी तिला लोंबकळून पाहा आणि मगच पाहुण्यांना द्या.

उतारासाठी घराला चिकटून लांबलचक रॅम्प बांधण्याआधी आपली वाट नीट न्याहाळा. पावसामुळे आपल्याकडची जोती दीड-दोन फूट उंच असतात आणि दोन फुटांच्या जोत्याला २४ फुटांचा रॅम्प लागतो. त्याऐवजी फाटकापासूनची वाटच मातीचा भराव घालून हळूहळू उंच करत ओटीला भिडवली, तर चढ जाणवत नाही, म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना आणि सामानालाही ती बरी पडते. रुंदी चार फूट ठेवा, कडेला दोन-तीन इंचांची कड घ्या, म्हणजे चाक खाली घसरणार नाही. वरून सिमेंट ओले असतानाच झाडूने आडव्या रेघा ओढा आणि दर पावसाळ्यानंतर शेवाळ घासून काढा. तंबूंच्या जागेपासून या न्हाणीघरापर्यंतही अशीच वाट केली, तर एखादे कुटुंब तंबूत राहूनही त्याचा वापर करू शकेल.

कायद्याचे म्हणाल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘सार्वजनिक इमारत’ या शब्दात लोकांच्या सर्रास वापरातल्या खासगी इमारतीही येतात, आणि सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात केंद्राला सांगितले आहे. आज केलेला खर्च पुढे वाया जाणार नाही. काम पूर्ण झाले की जाहिरातीत ‘दिव्यांगांसाठी सोय’ एवढेच न लिहिता दाराची रुंदी, पायऱ्यांची संख्या, कमोडची उंची आणि दांडी कोणत्या बाजूला आहे, हे आकड्यांत लिहा.

प्रश्न : किनाऱ्यावर खुर्चीसाठी कायमची वाट आपल्याकडे का होत नाही? आणि वाळूत नेलेली खुर्ची खराब होते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : भारतात असा प्रयत्न झालेला आहे. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये पाण्याच्या दिशेने जाणारी लाकडी वाट खुली झाली. पुढच्याच महिन्यात मंदौस चक्रीवादळाने तिची मोडतोड केली आणि नंतर ती दुरुस्त करण्यात आली. कोकणात पावसाळ्यातल्या उधाणाने किनाऱ्याची वाळू दर वर्षी सरकते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये अंथरून मे महिन्याअखेर गुंडाळून ठेवता येतील अशा वाटा मला अधिक योग्य वाटतात. ग्रामपंचायतींनी त्या मनावर घ्याव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तोपर्यंत काथ्याच्या जाड चटया किंवा प्लायवूडचे दोन तुकडे आळीपाळीने पुढे टाकत नेले, तर वीस-पंचवीस फुटांचा कोरडा पट्टा पार होतो.

खुर्ची खराब होते ती नंतरच्या हयगयीने. परतल्यावर लगेच गोड्या पाण्याने चाके धुवा, पुढच्या लहान चाकांच्या आसाभोवती गुंडाळलेले केस, दोरे आणि वाळू काढा, कापडाने कोरडी करून बेअरिंगला तेलाचे दोन थेंब द्या आणि ब्रेक पकडतो की नाही ते तपासा. विजेवर चालणारी खुर्ची असेल तर तिला खाऱ्या पाण्याजवळ अजिबात नेऊ नये. त्या दोन तासांसाठी साधी घडीची खुर्ची बरोबर ठेवावी.