पॉमेरेनियनचं बाळंतपण

प्रश्न : आमच्या पॉमेरेनियनला गाभण राहून ५० दिवस झाले. सगळं घर तिच्या दिमतीला आहे. आतापासून कॅल्शियम द्यावं का? आणि वेळ जवळ आली हे कसं ओळखावं?

उत्तर : कॅल्शियम आता अजिबात नको. ते आयतं मिळालं की हाडांतून कॅल्शियम रक्तात आणणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते. मग दूध सुरू झाल्यावर रक्तातलं प्रमाण एकदम घसरतं : धाप, थरथर, ताठलेले पाय, शेवटी झटके. छोट्या जातींना हा धोका जास्त. त्यापेक्षा पिल्लांसाठी मिळणारं खाद्य दिवसातून चारदा, थोडं थोडं द्या.

५५व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात थर्मामीटर लावून तापमान लिहून ठेवा. ते ९९ फॅरनहाइटखाली उतरलं की बहुधा २४ तासांत कळा सुरू होतात. जोराच्या कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला, तर तडक डॉक्टर गाठा. एकच मोठं पिल्लू असेल तर ते अडकण्याची भीती अधिक, म्हणून आधीच एक्स-रे काढून पिल्लं मोजून घ्या.

जन्मल्यावर प्रत्येक पिल्लू रोज स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. पहिल्या दिवसानंतर वजन वाढलं नाही, तर दूध पुरत नाही असं समजा. गार पडलेल्या पिल्लाला मात्र आधी ऊब द्या, मगच दूध. थंड अंगाला ते पचत नाही.