बुरशी काढायचा खर्च किती? आधी पाणी कुठून येतंय ते बघा

तुम्ही लिहिलंय की कपाट सरकवल्यावर मागच्या भिंतीवर काळी बुरशी दिसली. तीन जणांकडून अंदाज मागवले, तर सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या जवळजवळ पाचपट निघाला. आता यातला बरोबर कोणता आणि लुबाडणारा कोणता, हा तुमचा प्रश्न.

तिन्ही बरोबर असू शकतात. तिघांनी तुम्हाला तीन वेगळ्या कामांची किंमत सांगितली आहे, फक्त कागदावर तिन्हीकडे ‘बुरशी काढणे’ एवढंच लिहिलंय. पहिल्याने बहुधा खरवडून, औषध मारून वर रंग द्यायचं धरलंय. मधल्याने गिलावा काढायचा धरलाय. तिसऱ्याने खोली बंद करून, ओला भाग तोडून, सुकवून पुन्हा बांधून द्यायचं धरलंय. त्यामुळे आकड्याला आकडा लावून काही कळणार नाही. मी यात एकदा चांगलाच पोळलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या झोपायच्या खोलीच्या एका भिंतीला, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, अशीच काळी-हिरवी बुरशी आली होती. रंगाऱ्याने खरवडून बुरशीरोधक प्रायमर आणि दोन हात रंग दिला. चार महिन्यांत त्याच जागी पोपडे सुटले आणि कुबट वास परत आला. मग फवारणी करणारे आले, तासाभरात धूर मारून गेले, त्यांचे पैसे रंगाऱ्याच्या दीडपट. पावसाळा सुरू व्हायच्या आधीच बुरशी पुन्हा हजर. तिसऱ्या वेळी एका जुन्या प्लंबरला बोलावलं. त्याने काही न बोलता भिंतीवर तळहात टेकवला आणि हळूहळू खालून वर नेला. एका जागी थांबून म्हणाला, ‘इथे गार लागतंय, बघा.’ भिंतीपलीकडे बाथरूम होतं. तिथली एकच टाइल काढली, तर आत पाइपचा सांधा झिरपत होता. दर आठ-दहा सेकंदांनी एक थेंब. थेंब लहान वाटतो, पण हिशेब केला तर दिवसाला जवळपास अर्धा लिटर पाणी त्या भिंतीत मुरत होतं, तेही कित्येक महिने.

प्लंबरने घेतलेले पैसे रंगाऱ्याच्या निम्म्याहूनही कमी होते. त्यानंतर गिलावा काढणं, भिंत सुकवणं, कपाटाची फुगलेली प्लायवूडची पाठ बदलणं आणि रंग यांना रंगाऱ्याच्या पहिल्या बिलाच्या साधारण दुप्पट लागले. सगळं मिळून जे गेलं, त्यातलं अर्धं पहिल्या दोन फेऱ्यांत वाया गेलं होतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून माझं एकच सांगणं आहे: पहिला पैसा पाणी शोधणाऱ्याला द्या, बुरशी काढणाऱ्याला नंतर.

आता खर्च कशाकशाचा असतो ते बघू. गळती किंवा ओल थांबवणं, बुरशी आणि तिने खराब केलेलं सामान काढणं, आणि तोडलेलं पुन्हा पूर्ववत करणं, असे तीन वेगळे खर्च आहेत. बहुतेक अंदाजांत फक्त मधला खर्च असतो. पहिला प्लंबरचा किंवा वॉटरप्रूफिंगवाल्याचा, शेवटचा गवंडी, सुतार आणि रंगाऱ्याचा. कमी आकडा देणारा कित्येकदा हे दोन्ही धरतच नाही आणि काम झाल्यावर तुमच्याकडे उघडी भिंत उरते. म्हणून तिघांनाही एकच प्रश्न विचारा: ‘तुमचं काम संपेल तेव्हा ही भिंत कशी दिसत असेल?’ उत्तरावरून बरंच कळतं.

मधल्या खर्चात सर्वांत मोठा वाटा मजुरीचा असतो, औषधाचा नव्हे. त्यामुळे आकडा ठरतो तो बुरशी कशावर आहे आणि तिथपर्यंत पोचायला किती तोडफोड करावी लागेल यावर. टाइल, काच, धातू, कडक प्लास्टिक यांवरची बुरशी साबणाच्या पाण्याने घासून निघते, हे स्वस्त काम. लाकडाचा वरचा थर घासून काढता येतो, पण वेळ लागतो. जिप्सम बोर्ड, फॉल्स सीलिंग, गादी, गालिचा, फुगलेलं प्लायवूड यांत बुरशीचे धागे आत शिरलेले असतात, ते पुसून जात नाहीत. ते कापून, पिशवीत बंद करून घराबाहेर काढावं लागतं आणि नवीन बसवावं लागतं. याच कारणाने हाताएवढ्या डागाचं बिल कधी मोठं येतं आणि अख्ख्या टाइलच्या भिंतीचं लहान. जागा न बघता फोनवर चौरस फुटाचा भाव सांगणाऱ्याला मी यासाठीच बाजूला ठेवतो.

किती मोठा भाग असेल तर माणूस बोलवायचा? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, ढोबळ नियम मला सोयीचा वाटतो: १० चौरस फुटांपेक्षा कमी, म्हणजे साधारण ३ फूट बाय ३ फुटांच्या आतला डाग असेल तर बहुतेक वेळा घरच्या घरी साफ करता येतो. एन-९५ मास्क, हातमोजे, भोकं नसलेला गॉगल, डिटर्जंट, ब्रश आणि जाड पिशव्या, एवढाच खर्च. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. आधी डाग ओला करून मगच घासायचा. कोरड्या ब्रशने खरवडलं तर बीजाणू घरभर उडतात. घरात कुणाला दमा असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, तर त्यांनी त्या खोलीत थांबूही नये. आणि पाणी सांडपाण्याचं असेल किंवा बुरशी एसीच्या डक्टमध्ये असावी असा संशय असेल, तर डाग कितीही लहान असो, स्वतः हात घालू नका. डक्टचा संशय असेल तर एसी आधी बंद करा, नाहीतर तो पंखा बनून सगळीकडे पसरवतो.

ब्लीचबद्दल बरेच जण विचारतात. ईपीए बुरशी साफ करताना ब्लीच नेहमीची गोष्ट म्हणून वापरायला सांगत नाही. मेलेली बुरशीसुद्धा काहींना ॲलर्जी देते, तेव्हा ती मारण्यापेक्षा काढणं महत्त्वाचं. तरीही वापरणार असाल तर ब्लीचमध्ये अमोनिया असलेलं क्लीनर, व्हिनेगर किंवा ॲसिड कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.

डाग मोठा असेल तर व्यवस्थित काम करणारे लोक काय करतात, ते समजलं की मोठा आकडा का मोठा आहे हेही समजतं. ते काम चालू असलेली जागा जाड प्लास्टिकच्या पडद्याने बंद करतात. आतली हवा हेपा फिल्टर लावलेल्या यंत्राने ओढून बाहेर सोडतात, म्हणजे पडद्याच्या फटीतून हवा आत येते, बाहेर घरात जात नाही. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवतो, बुरशीचे बीजाणू तर बहुतेक त्याहून मोठे असतात. खराब झालेलं सामान आतच पिशवीत बांधतात. हेपा व्हॅक्यूम फिरवतात, ओल्या फडक्याने पुसतात. मग डीह्युमिडिफायर (हवेतली ओल खेचणारं यंत्र) आणि पंखे लावून कित्येक दिवस सुकवतात, आणि मॉइश्चर मीटरने, म्हणजे भिंतीतली ओल मोजणाऱ्या यंत्राने, आकडा घेऊनच पुढचं काम उघडतात. यंत्रांचं भाडं दिवसावर असतं, तेव्हा सुकवायला किती दिवस धरलेत हे अंदाजात लिहून मागा. ज्याने सुकवण्यासाठी एकही दिवस धरलेला नाही, त्याचा अंदाज अर्धवट आहे.

आमच्याकडे गिलावा काढल्यावर भिंत सुकायला अकरा दिवस लागले. सहाव्या दिवशी ती हाताला कोरडी लागत होती आणि मी गवंड्याला बोलवायला निघालो होतो. मीटर लावला तर आतून अजून ओली. तेव्हा थांबलो नसतो तर चौथी फेरी नक्की होती.

काही गोष्टींवर पैसे घालवायची गरज सहसा नसते. पहिली म्हणजे हवेचे नमुने. बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर ती कोणत्या जातीची आहे हे कळून काम बदलत नाही. काळी असो की हिरवी, काढायची पद्धत तीच. शिवाय घरातल्या हवेत किती बीजाणू चालतील याची सर्वमान्य मर्यादाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही असा आकडा दिलेला नाही, भर ओल टाळण्यावरच आहे. वास येतोय पण बुरशी दिसत नाही, किंवा विम्याचा वाद आहे, अशा वेळी चाचणीला अर्थ असतो. चाचणी करायचीच तर काम करणाऱ्याकडून करू नका. जो रिपोर्ट देतो त्यालाच कामही मिळणार असेल, तर रिपोर्ट कुणाच्या बाजूचा येईल हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट नुसता धूर किंवा फवारा. सामान न काढता, पाणी न थांबवता मारलेला फवारा म्हणजे माझी दुसरी फेरी. तिसरी म्हणजे ‘काळी बुरशी जीवघेणी, आजच ॲडव्हान्स द्या’ अशी घाई. काळा रंग म्हणजे अमुकच जात, असं नुसतं बघून ठरत नाही. अनेक साध्या बुरशी काळ्या दिसतात. ती काढायला हवी हे खरं, पण चार दिवस थांबून तिसरा अंदाज मागवायला हरकत नाही. तेवढ्या दिवसांत त्या खोलीत झोपू नका आणि कपाट भिंतीपासून लांब ठेवा.

विमा असेल तर तोडफोडीच्या आधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा. सहसा पाइप अचानक फुटून झालेलं नुकसान धरतात, महिनोन्महिने झिरपलेलं पाणी देखभालीच्या खात्यात टाकतात. बुरशीसाठी वेगळी मर्यादा आहे का हे पॉलिसीत स्वतः वाचा. काढलेला सांधा किंवा पाइपचा तुकडा फेकू नका, तोच पुरावा असतो.

कंत्राटदाराला पैसे टप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता मॉइश्चर मीटरचा आकडा कोरडा आल्यावरच द्या, हे आधीच लिहून घ्या. चांगला माणूस याला नाही म्हणत नाही.

आता तुमच्या भिंतीचं. ही तपासणी आज रात्रीच सुरू करा, फुकट आहे. बुरशीशेजारच्या मोकळ्या भागावर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, जमलं तर ओल भिंतीतून येतेय, म्हणजे प्लंबर किंवा वॉटरप्रूफिंग. बाहेरच्या बाजूला, खोलीकडे, जमलं तर खोलीतल्या दमट हवेचं पाणी गार भिंतीवर बसतंय. तसं असेल तर तुमचा खर्च फारच कमी होईल: कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, एक्झॉस्ट फॅन, आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, जमल्यास ३० ते ५० मध्ये. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र मिळतं, ते घ्या.

झोपताना सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा बघा. हलला असेल तर गळती आहे. हलला नाही म्हणून निश्चिंत मात्र होऊ नका. आमच्यासारखी थेंबाथेंबाची गळती मीटरवर दिसेलच असं नाही, आणि सांडपाण्याच्या पाइपची तर कधीच दिसत नाही. आणखी एक, भिंतीवर पांढरी भुकटीही असेल तर तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. विरघळली तर तो लोणा आहे, बुरशी नव्हे; पण भिंतीतून पाणी येतंय याची ती खूण आहेच.

दोन दिवसांनी प्लास्टिकच्या कोणत्या बाजूला पाणी आहे, मीटर किती हलला आणि त्या भिंतीपलीकडे काय आहे, एवढं इथे लिहा. तिन्ही अंदाजांचे कागदही टाका, नावं आणि फोन नंबर झाकून. कुठला अंदाज कशाचा आहे ते एकेक ओळ धरून बघू.